खंडेनवमीच्या वायरी

आमच्या घरी खंडेनवमीला अजून तलवार पुजतात. शहरातल्या पलासिया भागातल्या ऑफिसात आम्ही त्या दिवशी कॉम्प्युटर पुजायचो. त्या वर्षी पूजेआधी मी दुसऱ्या मजल्यावरचा नेटवर्कचा स्विच पुसायला घेतला आणि त्यात येणाऱ्या सगळ्या टेबलांच्या वायरी उपटल्या. जावक विभागातले काका वायरींचा जुडगा धरून उभे होते. माझ्या नोकरीसाठी त्यांनीच शब्द टाकला होता.

“भिया, नंबर तर लिहून घे. नंतर गडबड होईल.”

“काका, माझी स्क्रिप्ट आहे ना. ती सगळं सांगते.”

वायरी हाताला येतील तशा मी खोचल्या. काकांनी स्विचला कुंकू लावलं.

मीच लिहिलेल्या त्या छोट्या प्रोग्रामचा, स्क्रिप्टचा, मला भारी गर्व होता. कोणत्या पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेवर, कोणतं मशीन बोलतंय, हे ती प्रत्येक स्विचला विचारून यादी आणून द्यायची. पण तो पोर्ट कोणाच्या टेबलाचा, हे ठरायचं मी हाताने केलेल्या तक्त्यावरून. तो तक्ता पूजेआधीचा होता.

पंधरा दिवसांनी नेट सारखं बंद पडायला लागलं. कारण कोणीतरी घरचा वायफाय राउटर गुपचूप जोडला होता. स्क्रिप्ट म्हणाली चौदा नंबरचा पोर्ट, तक्ता म्हणाला काका. मी तडक त्यांच्या टेबलाशी गेलो.

“काका, राउटर काढा. मशीन खोटं बोलत नाही.”

सगळा मजला बघत होता.

“अरे, मला माऊस धड चालवता येत नाही, मी कुठून लावणार?”

मी सरळ त्यांचा ड्रॉवर ओढला. आत चष्म्याचं घर, रुमाल आणि पूजेची कुंकवाची डबी. ती पाहिली आणि त्यांच्या हातातला वायरींचा जुडगा आठवला. तक्ता त्याआधीचा, हे लक्षात येताच मी स्विचकडे धावलो.

चौदा नंबरची वायर निघाली साहेबांच्या केबिनमधली. तिथे मी दारावर टकटक केली, दार लावून घेतलं आणि ‘सर, प्लीज’ म्हणत राउटर काढायला हळूच सांगितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती मीच दिली होती. काकांची माफी मागितली तीही जिन्यात, कोणी नसताना. “होतं रे,” ते म्हणाले. चारचौघांत चूक कबूल करायची हिंमत मला झाली नाही, आणि याची लाज मला जास्त वाटते.

पुढे ते रिटायर होईपर्यंत मी त्यांच्या टेबलाकडे वळलो, की काका आधीच आपला ड्रॉवर उघडून ठेवायचे.