टिचकी मारली कुणी?

पुष्कळ केसेस हाताळल्या, पण ती घटना आठवली की आजही माझी छाती फुगते.

मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सोमवारी सकाळी हजेरी चालू असतानाच दारात कोळणींचा गलका झाला. कुडाळच्या एका शीतगृहात ठेवलेली त्यांची सुरमई नासली होती. पाठोपाठ मालक फिर्याद घेऊन आला.

शीतगृह कुडाळला असलं तरी ते चालवलं जायचं आमच्या बंदरावरच्या एका खोलीतून. तिथे एक साधा कॉम्प्युटर होता आणि पडद्यावर कुडाळच्या मशीनचं चित्र. चित्रावर टिचकी मारली की तिकडच्या मुख्य कॉम्प्युटरला हुकूम जाई आणि मशीन चालू किंवा बंद होई. हे काम एका कोळणीची मुलगी करत असे. रविवारी सुट्टी होती, आणि त्याच दुपारी मशीन बंद करायचा हुकूम तिच्या नावाने, तिच्या पासवर्डने गेला होता. खोलीची किल्लीही तिच्याकडेच.

मी तातडीने तिचा कॉम्प्युटर जप्त केला. पंचनामा, सील, सगळं रीतसर. तपासणाऱ्या तज्ज्ञाने तो उघडून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, यात काहीच नाही. ही नुसती खिडकी आहे. खरी नोंद कुडाळला." आमचा हवालदार हसू दाबत होता. मी त्याला स्टेशन डायरी लिहायला बसवलं.

मुलीने जबाब दिला तो अगदी शुद्ध मराठीत. रविवारी ती घरीच होती, पण साक्षीला आईशिवाय कुणी नाही. आईच्या शेजारच्या बायकांनी बाजारात आपल्या पाट्या लांब सरकवून घेतल्या होत्या. मुलीला अटक झाली असती तर त्या माउलीला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मालक मात्र रोज विचारायचा, "अटक कधी?" खरं सांगतो, माझाही तिच्यावर विश्वास नव्हता.

कुडाळहून छापील नोंद मागवली. महिनाभराचे हुकूम अक्षरन् अक्षर सारखे. फक्त रविवारी एक ओळ जास्त होती. 'कॉम्प्रेसर' या इंग्रजी शब्दात दोन 'एस' हवेत, तिथे एकच होता. मशीनने तो हुकूम नाकारला होता. खालच्या ओळीत शब्द बरोबर आणि मशीन बंद.

मी मुलीला विचारलं, "टाइप करताना घाई झाली होती का गं?"

तेव्हा तिची ऑफिसातली मराठी सुटली. "साहेबानू, माका टाइप करूचाच लागणा नाय! मी चित्रार टिचकी मारतंय, पुढचा सगळा कॉम्प्युटर आपणच लिवता."

मी ताडकन उठलो. उभा जन्म दोन बोटांनी टाइप करण्यात गेला, चुका म्हणजे काय ते मला ठाऊक. चित्रावर टिचकी मारणाऱ्याचं स्पेलिंग चुकेल कसं? हा हुकूम कुणीतरी हाताने लिहिला होता.

असे हुकूम हाताने लिहिता येणारा एकच माणूस होता, शीतगृहाचा जुना तंत्रज्ञ. चित्रं येण्याआधी सगळा कारभार त्याच्या बोटांवर चाले. सगळ्यांचे पासवर्डही त्यानेच बनवलेले. तो म्हणाला, रविवारी आरोंद्याला सासुरवाडीत होतो. पण एका टेम्पोवाल्याने खबर दिली की, त्या दुपारी त्याची मोटारसायकल शीतगृहाच्या दारात उभी होती.

दोन पंच घेऊन मी कुडाळ गाठलं. दरडावलं असतं तर गडी वकिलाकडे पळाला असता. म्हणून मुख्य कॉम्प्युटरपाशी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "आता तुमचं काय काम उरलं? ती पोरगी चित्रं बघून सगळं चालवते. तुम्हाला तर आता आठवतही नसेल."

चहा तसाच राहिला. "चित्रां बघून कोणय चालवीत! माका सगळा तोंडपाठ आसा. बघा!"

त्याने कीबोर्ड ओढला आणि मशीन बंद करायचा हुकूम खडाखडा लिहिला. 'कॉम्प्रेसर'मध्ये 'एस' एकच. पडद्याने हुकूम नाकारला. मी खिशातून छापील कागद काढून शेजारी धरला. पंचांनी आलटून पालटून दोन्हीकडे पाहिलं. तो खुर्चीत खचला.

"पयले सगळे माका मास्तर म्हणीत," तो हळूच म्हणाला. "आता कोण विचारीत नाय." मग सगळं कबूल केलं.

परतलो तो थेट बाजारात, वर्दीतच. सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, "मुलगी निर्दोष आहे. गुन्हेगार सापडला." मग एका म्हातारीने आपली पाटी बाजूला ओढली आणि त्या आईला म्हणाली, "गो, हय बस." आई बसली आणि पदरात तोंड लपवून रडली.

नोंदीत नाव दिसलं की आपण माणूस सापडला असं धरून चालतो. मीही तेच करत होतो. त्यानंतर नोकरीत जितके दिवस उरले, तितके दिवस नाव वाचल्यावर मी आधी विचारत असे, हात कुणाचा?

दुसऱ्या दिवशी मुलगी ठाण्यात आली. मला वाटलं, आभार मानायला. तिने जप्तीच्या पावती पुस्तकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "साहेब, माझा कॉम्प्युटर परत द्या. बोटी येण्याची वेळ झाली."