नारिंगी शेवाळाची लॅब

झाशीच्या पाण्यानं काचेच्या बाटलीच्या बुडाशी पांढरा थर बसतो. कितीही घासा, थोडा राहतोच. आमच्या लॅबचे किस्सेही तसेच. मी तिथं बाटल्या धुतो, त्यामुळे दोन्ही माझ्याच वाट्याला!

सदर बाजाराजवळच्या कॉलेजात आमची लॅब. मॅडम मिठाच्या पाण्यात हिरवं शेवाळ वाढवतात आणि त्यातून गाजराचा नारिंगी रंग काढतात. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, मंडईत गाजरं संपली का?"

"काका, गाजराला शेत लागतं. याला बाटली पुरते."

पण त्या हिवाळ्यात हलवा मात्र त्यांनी गाजराचाच आणला!

आमचा चौकीदार जवळच्या समथर गावचा. फ्लास्कमधलं शेवाळ बघून म्हणाला, "काका, ये काई तो हमारे तालाब में मुफ़्त है. भैंसें रोज़ नहाती हैं."

मॅडमनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी बाटल्या आणि चौकीदाराला घेऊन थेट समथर! परत आल्यावर चौकीदार सांगत होता, "मैडम ऐसे उतरीं कि भैंसों ने जगह दे दी!"

मीनलताई बबिन्याच्या छावणीतल्या फौजी घरातली, पीएचडी करणारी. वडिलांची बदली निघाली, महिन्यात गाव सोडायचं, आणि तिचं शेवाळ काही नारिंगी होईना. दोन खेपा हिरव्याच राहिल्या. तिसरी, शेवटची, आजच चार फ्लास्कांत खिडकीतल्या उन्हात मांडलेली. ही फसली तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. बिचारी रडायला लागली.

मी म्हटलं, "ताई, रडू नका. मागच्या दोन्ही वेळी मी रोज सकाळी चमचाभर खत घालत होतो. शेवाळं कशी टवटवीत होती!"

तिचं रडणंच थांबलं. "काका! मैंने तो इनका खाना बंद किया था! उपाशी राहून ऊन खाल्लं, तरच ती रंग धरतात!"

दारावर तसा कागद लावला होता म्हणे. इंग्रजीत.

"मला वाटलं, पोर विसरते," मी म्हटलं.

मॅडमनी खत कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच हातात दिली! "काका, आता तुम्हीच सांभाळा."

नवव्या दिवशी नागपूरहून एक साहेब काम तपासायला आले. चारही फ्लास्क नारिंगी! साहेबांनी कागदावर सही केली, मीनलताईनं पेढे वाटले. साहेब पेढा खात बाहेर आले, तर मी व्हरांड्यात डबा उघडून बसलेलो.

"अहो, इथं उन्हात का? आत पंखा आहे की."

"आत नको साहेब," मी म्हटलं. "ती फ्लास्कातली आठ दिवसांची उपाशी आहेत. त्यांच्यासमोर घास उतरत नाही."