यिशुनच्या गच्चीवरचा एल्क

हसणार नसाल तरच सांगतो. हसालच, ठाऊक आहे मला. पण निदान घोट घशाखाली उतरू द्या, मग हसा.

२०१६ साल असेल. आम्ही दोघं नवरा-बायको सिंगापुरात यिशुनला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेलो होतो. मी पुण्यात पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेला, डॉक्टरेट मिळवलेला माणूस. पण कुलूप तीनदा ओढून पाहिल्याशिवाय लिफ्टचं बटण दाबत नाही. आता या स्वभावाला औषध आहे का?

नात इरा चौदा वर्षांची. तिला शाळेत एक प्रोजेक्ट आला. अमेरिकेतल्या डोंगरात धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम संपत येतो, तेव्हा माणसांच्या वावराचा एल्कवर काय परिणाम होतो? एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा चुलतभाऊ. बाण मारायचा तर फार जवळ जावं लागतं. म्हणून शिकारी नळीतून नराची आरोळी काढतात, की बाबा ये, लढायला ये! सुरुवातीला बिचारे येतात. पण रोज गाड्या, रोज माणसं, रोज खोट्या आरोळ्या! शेवटी शेवटी ते इतके विटतात, की स्वतः ओरडणं बंद करतात, रस्त्यापासून लांब सरकतात आणि दाट झाडीत दडी मारतात.

आधीच्या प्रोजेक्टला मी मदत केली होती. तिला पाच मिनिटं बोलायचं होतं, मी बावीस पानं लिहून दिली. पोरगी दुसऱ्या पानावर असतानाच घंटा झाली! त्यामुळे या वेळी सक्त ताकीद होती, तीही सिंगापुरी 'लाह' लावून.

"आजोबा, धिस टाइम ओन्ली साउंड, ओके? एक्स्ट्रा काही नाही, लाह! या वेळी मार्क गेले तर माझी टीम मला काढून टाकणार."

म्हणजे पुढच्या सोमवारी मी वर्गात येऊन आरोळी काढायची, बास.

मी व्हॅक्यूम क्लीनरची जुनी नळी घेतली आणि बाथरूममध्ये सरावाला लागलो. आधी घोगरा सूर, मग चढत चढत किंकाळी, शेवटी खोकल्यासारखे चार हुंकार.

"अहो, पुरे!" बायकोनं दार वाजवलं. "शेजारीण विचारून गेली, आत कुणी अडकलंय का म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, अडकलेत, पण आपणहून."

घरात सोय नाही म्हटल्यावर मंगळवारी सकाळी मी समोरच्या बहुमजली पार्किंगच्या गच्चीवर गेलो. वर छान बाग आहे. तिथे नऊ चिनी आजी-आजोबा हळूहळू हात फिरवत ताई-चीचा व्यायाम करत होते. खरं तर त्यांची परवानगी मागायला हवी होती. पण परवानगी मागायची म्हणजे अनोळखी माणसांशी बोलायचं! त्यापेक्षा किंकाळी सोपी. मी डोळे मिटले आणि फुंकलं.

डोळे उघडतो तर नऊच्या नऊ माना माझ्याकडे वळलेल्या! अगदी कळपासारख्या.

बुधवारी कळप बोगनवेलीपलीकडे सरकला. गुरुवारी थेट पाण्याच्या टाकीमागे. शुक्रवारी बाग रिकामी!

एल्क! हुबेहूब एल्क! मी त्या रिकाम्या बागेत स्वतःभोवती गिरकी घेतली. मग एकदम थबकलो. अरे, सत्तरी ओलांडलेल्या नऊ जणांना मी देशोधडीला लावलं की काय? पण आकडे वहीत लिहून झाले होते, आणि आकड्यांपुढे माझं काही चालत नाही.

इरा शाळेतून आली तशी वही दाखवली. तिनं चक्क मिठी मारली. "आजोबा! रिअल डेटा! टीचर विल डाय!" लगेच आलेखही काढला. आता फक्त एक फिल्म हवी होती: आरोळी आणि रिकामी बाग.

शनिवारी सकाळी इरा फोन धरून उभी. मी फुंकलं. किंकाळी संपते न संपते तोच लिफ्टचं दार उघडलं आणि नऊ जण बाहेर आले. प्रत्येकाच्या हातात नळी! कुणाची व्हॅक्यूमची, कुणाची वॉशिंग मशीनची, एका आजोबांनी तर झाडांना पाणी घालायचा पाइप गळ्यात गुंडाळलेला.

"अंकल!" सगळ्यांत पुढच्या आजी, म्हणजे लिम आंटी (नाव मागाहून कळलं), आनंदानं ओरडल्या. "वी ऑल बाय ऑलरेडी!"

"काय बाय? आणि काल होतात कुठे?"

"हार्डवेअर शॉप, लाह! युवर इंडियन ब्रीदिंग, व्हेरी गुड फॉर लंग्ज!"

माझ्या किंकाळीला ते प्राणायाम समजले होते!

"मग गुरुवारी टाकीमागे का गेलात?"

"यू सो सीरियस, आईज ऑल क्लोज्ड. वी स्केअर्ड टू डिस्टर्ब यू!"

ऐकलंत? मला त्रास होऊ नये म्हणून ते लांब गेले होते! टाकीमागे बसून मूठ तोंडाला लावून सराव करत होते! मी इराकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"आजोबा... माझा ग्राफ."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. पण आंटींनी हात वर केला. "वन, टू, थ्री!"

नऊ नळ्या एकदम! खालच्या मजल्यावर कुठल्याशा गाडीचा अलार्म बोंबलायला लागला. माझं काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. भानावर आलो तेव्हा मी बोगनवेलीच्या मधोमध उकिडवा बसलो होतो. सदरा काट्यांत अडकलेला. "आजोबा? व्हेअर आर यू?" इरा हाका मारत होती. मी ओ दिली नाही. तिच्या फोनवर शूटिंग चालूच होतं.

सोमवारी मला वर्गात नेलंच नाही. दुपारी आमच्या इरा बाईसाहेब नाचत घरी आल्या. आलेख फेकून देऊन तिनं तीच फिल्म दाखवली होती: गोंगाट होताच प्राणी पळाला, दाट झाडीत शिरला, आवाज बंद केला. पैकीच्या पैकी मार्क!

"टीचरनं काही विचारलं नाही?" मी भीत भीत म्हणालो.

"विचारलं ना. शिकारी यायच्या आधी हा प्राणी कसा वागायचा, ते तपासलंस का?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"सेम टू सेम, टीचर. माय आजोबा, नो नीड हंटर."