एकच पिल्लू

लेकीने ऑफिसला जाताना मला म्युझियमच्या दारात सोडलं. “आई, निवांत बघ. संध्याकाळी न्यायला येते,” म्हणाली आणि गेलीसुद्धा. तिच्या या परदेशी शहरात मी ज्याच्याशी बोलावं असं दुसरं कुणी नाही.

आत छताला प्लेसिओसॉरचा सांगाडा टांगला होता. डायनोसॉरच्या काळात समुद्रात पोहणारा प्राणी. मान एवढी लांब, की शेपटीपाशी उभं राहिलं तर डोकं कुठे आहे ते शोधावं लागतं. सगळे त्या मानेचेच फोटो काढत होते. खाली भिंतीशी त्याच कुळातली एक मादी दगडात पडून होती. तिच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. तिच्या पोटात पिल्लाची हाडं होती. पाटीवर लिहिलं होतं, हे प्राणी अंडी घालत नसत. पिल्लू व्हायचं ते एकच, पण चांगलं मोठं.

एकच! आमच्या कॉलनीतल्या बायका आठवल्या. “एकीवरच थांबलात?” मी हसून म्हणायचे, “एकच, पण खणखणीत आहे.” खणखणीतच निघाली. सातासमुद्रापार गेली.

काचेवर हात टेकवून मी बराच वेळ उभी राहिले. बिचारी, बाळंत व्हायच्या आधीच गेली, असं मनात आलं खरं. पण तिचं पिल्लू अजून तिच्याजवळच होतं, आणि मला तिचा हेवा वाटला.

संध्याकाळी लेक आली. “सगळ्यात काय आवडलं?”

“ती लांब मान,” मी म्हटलं.