बडोद्याचा कोरडा पूर

मेधाताईचा फोन आला तेव्हा मी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. तिने हालहवाल विचारला नाही. म्हणाली, "तीन दिवस मोकळी आहेस का? मला एक बाई बेपत्ता करायची आहे."

मेधाताई माझी मावसबहीण. तिच्या घरातली माणसं संस्थानच्या काळापासून बडोद्यात आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर गुजराती आणि रागावली की दोन्ही. ती एका स्वयंसेवी संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं काम करते. पावसाळ्याआधी विश्वामित्री नदीच्या काठची एक सोसायटी रिकामी करायची, पूर आलाय असं धरून चालायचं आणि बचाव पथक, रुग्णवाहिका, निवाऱ्याची शाळा हे सगळं दिवसभर खरोखर चालवून बघायचं, असा त्यांचा सराव होता. जखमी व्हायला कॉलेजची मुलं मिळाली होती. बेपत्ता व्हायला मात्र अशी व्यक्ती हवी होती जिला गल्लीत कोणी ओळखत नाही आणि जी तास न् तास गप्प बसू शकते. मी अनुवादाची कामं करते, गप्प बसणं हा माझा धंदाच आहे. मी हो म्हटलं.

नाशिकहून मी गाडीने गेले. पेठ, धरमपूर करत वलसाडजवळ महामार्गाला लागायचं, हा रस्ता मला आवडतो. धरमपूरपर्यंत वळणं आहेत, पण डोंगर सोबत असतात. पुढे सुरत टाळून सरळ भरूच. तिथे नर्मदेचा पूल ओलांडला की खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घ्यायचे, गरम असतील तर दोन पुड्या. चहाजेवण धरून पूर्ण दिवस लागतो, आणि मे महिन्यात गाडीचा एसी बिघडलेला असेल तर निघूच नका. फतेगंजमध्ये मेधाताईच्या घरी पोचले तेव्हा तिने आधी पाणी दिलं, मग माझ्या हातात एक दोरी लावलेलं कार्ड ठेवलं. वर गुजरातीत 'गुम' आणि खाली तिच्या अक्षरात 'बेपत्ता, बेशुद्ध'. त्याखाली माझं खरं नाव. ते वाचून मला उगाच कसंतरी झालं. नाव दुसरं टाकता आलं असतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली की खरं नाव असलं की शोधणारे जास्त मनापासून शोधतात.

सकाळी आम्ही सेव उसळ खाल्ली. बडोद्याला गेलात तर ती खाच. लाल तर्री वेगळी मागून घ्यायची, आणि सकाळी लवकर जायचं, कारण दहानंतर बसायला जागा नसते. तिथून नदीवरच्या पुलावरून जाताना मेधाताईने गाडी हळू केली. खाली पाणी जवळजवळ नव्हतंच. हिरवट डबकं आणि त्याच्या काठावर तीन मगरी, तोंडं उघडी टाकून पडलेल्या. एकीच्या जबड्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. ती हलत नव्हती, मगरही हलत नव्हती. पुरात त्या लोकांच्या अंगणात येतात, मेधाताईने सांगितलं, दूधवाल्याबद्दल सांगावं तशा आवाजात.

सोसायटी म्हणजे एकाला एक चिकटलेली दुमजली घरं, दोन रांगा, मध्ये गल्ली. नऊ वाजता भोंगा वाजला. माणसं पिशव्या घेऊन बाहेर आली, काही हसत, काही मोबाइलवर फोटो काढत, आणि बसमध्ये बसून शाळेकडे गेली. आमचे फोन काढून घेतले होते, कारण पुरात फोन चालत नाहीत असं धरलेलं होतं. मला डाव्या रांगेतल्या शेवटून दुसऱ्या घराच्या वरच्या खोलीत बसवून मेधाताई निघाली. जाताना म्हणाली, "कोणी खोलीत येऊन हात लावेपर्यंत बोलायचं नाही. चार वाजेपर्यंत कोणी आलंच नाही, तर खाली ये."

मग गल्लीत काहीच उरलं नाही.

सकाळच्या लख्ख उन्हात इतकी रिकामी वस्ती मी कधी पाहिली नव्हती. समोरच्या घरात पंखा चालू राहिला होता आणि त्याच्या वाऱ्याने पडदा आत जायचा, बाहेर यायचा. दोरीवर कपडे होते. कोपऱ्यावर पुरात मेलेल्या माणसांच्या जागी बाहुले ठेवले होते, जुन्या शर्टपँटमध्ये भुसा भरलेले, पालथे घातलेले. एक बकरी आली, एका बाहुल्याचं डोकं हुंगत उभी राहिली आणि मग पळाली. गल्लीतल्या सगळ्या भिंतींवर, खाली उभं राहिलं तर माझ्या डोक्याच्याही वर येईल अशी, एक तपकिरी रेघ होती. मागच्या मोठ्या पुराची. काहींनी वरून रंग दिला होता, तरी ती दिसत होती.

दर अर्ध्या तासाने माइक लावलेली रिक्षा मागच्या रस्त्यावरून जायची आणि आजचं कल्पनेतलं पाणी सांगायची. 'पाणी वधे छे', पाणी वाढतंय. पाणी पुलाला लागलं. पाणी सोसायटीच्या फाटकात आलं. बाईचा आवाज होता, शांत, रेल्वेच्या घोषणेसारखा. तिने पाणी घरांत शिरलं असं सांगितलं तेव्हा मी खाटेवर होते, आणि माझे पाय मी कधी वर घेतले ते मला कळलंच नाही. खाली फरशी कोरडी होती. तरी मी पाय खाली सोडले नाहीत.

अकराच्या सुमारास पथक आलं. मी बेशुद्ध असल्यामुळे आडवी झाले, पण खिडकीच्या फटीतून दिसत होतं. पुढे परमारभाई. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी वर्षानुवर्षं आगी विझवल्या होत्या, सकाळी ओळख झाली तेव्हा त्यांच्या हातावरचे डाग मी पाहिले होते. प्रत्येक दारात थांबून ते ओरडत, "अंदर कोई छे?" तीनदा. मग थोडं थांबून दारावर खडूची फुली. माझ्या दारावर फुली मारल्याचा आवाज मी ऐकला. शेजारच्या, रांगेतल्या शेवटच्या दारावरही. मग बुटांचे आवाज लांब गेले. मी वर जिवंत पडले होते आणि खाली मी नसल्याची नोंद झाली होती. मला हाक मारावीशी वाटली. मारली नाही, नियम होता.

त्यानंतर थोड्या वेळाने पहिल्यांदा आवाज आला. वरून, गच्चीकडून. स्टीलच्या ताटावर काहीतरी आपटल्यासारखा. तीन ठोके, मग शांतता.

हेही सरावातलंच, असं मी ठरवलं. दुसरा कोणीतरी बेपत्ता असेल, त्याला ठोके द्यायला सांगितलं असेल. भिंतीवर घड्याळ होतं. बरोबर पंधरा मिनिटांनी पुन्हा तीन ठोके. पुन्हा पंधरा मिनिटांनी तीन. इतक्या मोजून मापून वाजणाऱ्या आवाजाची भीती वाटायला लागली होती, पण मी पडून राहिले. चौथ्या वेळी दोनच ठोके झाले. मी तिसऱ्याची वाट बघत राहिले आणि तो आलाच नाही.

तेव्हा मी उठले.

गच्चीवर ऊन डोळ्यांत घुसत होतं. माझ्या आणि शेजारच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत होती. पलीकडे जिन्यावरची छोटी खोली, पत्र्याचं दार, किंचित उघडं. मी भिंत ओलांडली आणि दार ढकललं. आतली हवा चुलीसमोर बसल्यासारखी होती. ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ पलंगावर बसले होते, बनियन घामाने अंगाला चिकटलेला. पायाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. ताट खाली पडलं होतं आणि हातातलं उलथनं मांडीवर.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलं?"

मी मागे वळून गल्लीकडे बघितलं. खरंच सांगते, बघितलं. मग म्हटलं की पाणी नाहीये. त्यांनी कानाला हात लावून नाही अशी खूण केली. मी ओरडून सांगितलं, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या कार्डावर होती. ते त्यांनी जवळ ओढून सावकाश वाचलं.

"बेपत्ता," ते म्हणाले. "तुलाही न्यायला कोणी आलं नाही?"

मी बाटली उघडून त्यांच्या तोंडाला लावली. ती त्यांनी ढकलली, पाणी पुरवायचं आहे म्हणाले, दोन दिवस तरी. टोपणभर घेतलं. ओठ फाटले होते. कोपऱ्यातल्या कॅलेंडरला पेन अडकवलं होतं. मी कार्ड गळ्यातून काढलं, उलटं केलं आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं : पूर नाही. सराव आहे.

ते बराच वेळ ते वाचत राहिले. मग म्हणाले, "सकाळी माणसं बसने गेली, ते?"

मी मान हलवली.

"आणि ते खालून हाका मारून गेले असतील, ते? हाका ऐकू येत नाहीत मला, पण माणसं जाताना दिसली."

मी पुन्हा मान हलवली.

"चांगला झाला मग सराव," ते म्हणाले. "अगदी तसाच झाला."

ते बोलताना त्यांची मान एका बाजूला कलायला लागली होती. मी दार पूर्ण उघडून लोखंडी कडीला अडकवलं, ओला पंचा त्यांच्या डोक्यावर टाकला आणि त्यांच्याच जिन्याने खाली धावले. आतून कडी लावलेली नव्हती. खडूची फुली मारलेलं ते दार नुसतं ढकलून उघडलं.

फाटकाशी छत्री धरून एक निरीक्षक बाई बसल्या होत्या. मला बघून त्या हसल्या. "तमे तो गुम छो," म्हणाल्या, तुम्ही तर बेपत्ता आहात, परत जाऊन बसा. मी मोडक्या गुजरातीत वर एक माणूस मरतोय असं सांगितलं. त्यांनी यादी काढून त्या घरापुढची खूण दाखवली. यादीप्रमाणे घर रिकामं होतं. राहणारे मुलीकडे, पादरा गावी. माझा आवाज चढला तसं त्यांना माझं काम आणखी छान वाटायला लागलं, त्यांनी तसं कागदावर लिहूनही घेतलं. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि तो माझ्या गळ्याशी नेला, जिथे आता कार्ड नव्हतं. सकाळी एकच गोष्ट सगळ्यांना पक्की सांगितली होती की कार्ड काढलेला माणूस सरावात नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि छत्री टाकून वायरलेसवर बोलायला लागल्या.

त्या गृहस्थांना, म्हणजे शिर्केकाकांना, खाली आणलं ते परमारभाईंनीच, पाठीवर घेऊन. सकाळपासून खोटे जखमी वाहणारी रुग्णवाहिका शाळेपाशी उभी होती, म्हणून पाच मिनिटांत आली. आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. शिर्केकाका यादीतून सुटले कसे, तेही तिथेच कळलं. मुलगी सकाळी येऊन नेणार होती, म्हणून शेजाऱ्यांनी आदल्या दिवशीच खूण करून टाकली. मुलीला वाटलं, उशीर झाला तर शेजारी बसमध्ये घेतील. कोणी खोटं बोललं नव्हतं. सरावाचं पत्रक खालच्या पत्रपेटीत तसंच पडलं होतं.

मेधाताईने कोणाचं नाव घेतलं नाही. पण परमारभाई उभे राहिले. गुजरातीत, अगदी हळू म्हणाले की मी तीन वेळा हाक मारली, दार ढकललं नाही, वर चढलो नाही. मग खाली बसले. त्यांच्यानंतर मलाही बोलायचं होतं. पाऊण तास मी ते ठोके ऐकत पडून राहिले होते, हे सांगायचं होतं. मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही काकांना दवाखान्यात भेटलो. सलाइन चालू होतं, कानाला नवं यंत्र लावलं होतं, शेजारी मुलगी बसली होती, डोळे सुजलेले. काका रेल्वेच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचे, त्याबद्दल बोलत राहिले. मग आपणहून मागच्या पुराचं सांगितलं. त्याच खोलीत ते आणि त्यांच्या पत्नी पद्माकाकू दोन दिवस होते. काकूंचं इन्सुलिन खालच्या फ्रिजबरोबर बुडालं होतं. कानाचं यंत्र भिजलं होतं, त्यामुळे होडी आली ते त्यांना कळलं नाही. "बाहेर आलो तेव्हा होडीची पाठ दिसली," ते म्हणाले. पुढची होडी आली तोवर काकू गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की पुन्हा कधी वेळ आली तर घड्याळ लावून ताट वाजवायचं, म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही तरी इतरांना जाईल.

मी त्यांचा हात धरला आणि काल न सांगितलेलं सांगितलं. पहिल्या ठोक्यापासून मी ऐकत होते, काका. मला वाटलं नाटक आहे.

त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं, बहुधा पुन्हा ऐकायला. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "पण आलीस." एवढंच. माफ केलं की नाही ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

परतीच्या वाटेवर मी भरूचला थांबले नाही. घरी येऊन कैऱ्यांचं राहिलेलं लोणचं घातलं, अनुवादाची कामं पुरी केली. बडोदं कसं वाटलं, असं विचारणाऱ्यांना मी सेव उसळीबद्दल आणि मगरींबद्दल सांगते. तुम्हीही जा, नदी पुलावरून बघा, ती इतकी बारीक दिसते की विश्वास बसत नाही.

जुलैत विश्वामित्री खरंच चढली. मेधाताईचा फोन लागेना, तेव्हा मी घरात येरझाऱ्या घातल्या. मग तिचाच आला. पाणी फाटकाशी थांबलं होतं, पण गल्ली आधीच रिकामी केली होती. परमारभाईंचं पथक या वेळी प्रत्येक घरात गच्चीपर्यंत जाऊन आलं. शिर्केकाका पहिल्या बसमध्ये, खिडकीपाशी. ताट बरोबर घेऊनच निघाले, म्हणाली.

पुढच्या मेमध्ये पुन्हा सराव आहे. बेपत्ता व्हायला येशील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, येईन, पण शोधणाऱ्यांमध्ये. तिने बजावलं की आता नियम बदललाय, प्रत्येक घर वरपर्यंत चढावं लागतं, दिवसभर, उन्हात, तुझे गुडघे बघ आधी.

आमच्या इमारतीला चार मजले आहेत. लिफ्ट चालू असली तरी रोज संध्याकाळी मी जिन्याने चढते.