लाथांचा कप्पा

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दुसऱ्यांनी बिघडवून ठेवलेली मोबाइल अ‍ॅप्स दुरुस्त करायची, हाच त्याचा उद्योग. मुळात बोलणं बेताचं, आणि सातव्या महिन्यात बायकोच्या पोटातच बाळ गेलं तेव्हापासून तर तोंडाला कुलूपच. नातेवाईक येऊन रडून गेले, याचे डोळे कोरडे ठाक. चहात साखर आहे की नाही, तेही कळेना गड्याला. काम मात्र चोख चालू होतं.

बायकोसाठी त्यानं हौसेनं एक अ‍ॅप केलं होतं. त्यात सामानाची यादी, औषधांच्या वेळा आणि एक मोठं गुलाबी बटण. बाळानं लाथ मारली की ते दाबायचं. सगळं तिच्या फोनमध्येच एका कप्प्यात साठायचं. प्रत्येक तऱ्हेची नोंद वाचायला-लिहायला एकेक दुभाषा लागतो, अ‍ॅडॉप्टर म्हणतात त्याला, आणि प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला. अ‍ॅप सुरू होताना आधी त्याची नोंदणी करायची, मगच कप्पा उघडायचा. तर या शहाण्यानं रविवारी काय करावं? बटण काढलं, लाथांचा अ‍ॅडॉप्टर काढला आणि नवं अ‍ॅप गुपचूप तिच्या फोनवर जुन्यावरच टाकलं. तिला आठवण नको, एवढाच विचार. अरे बाबा, पण विचारायचं तरी!

सकाळी ती म्हणाली, "अ‍ॅप उघडत नाहीये."

कशाला उघडेल? जुन्या लाथा कप्प्यात तशाच होत्या आणि त्या वाचणारा कुणी उरला नव्हता. फोन लॅपटॉपला जोडल्यावर दिसलं: अनोळखी प्रकार, अ‍ॅडॉप्टर नोंदवायला विसरलात का? विसरला कुठे होता तो.

त्यानं ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या जाड्याला फोन लावला. जाड्या म्हणाला, "काढून टाक अ‍ॅप, परत टाक. जुनं जाईल सगळं, जाऊ दे की."

मिस्त्रीला पटलं. तो अ‍ॅप काढणार, तेवढ्यात बायकोनं फोन हिसकावला.

"काय करतोयस?"

"कोरं करतो. यादी काय, परत लिहिता येईल."

"यादी गेली खड्ड्यात. आजची लाथ राहिलीय माझी."

"आजची?"

"पहाटे मारली ना. रोज मारतं. असं बघू नकोस, वेडी नाहीये मी. पोट रिकामं आहे, कळतं मला. पण लाथ बसते, तर मी काय करू?"

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला. अ‍ॅडॉप्टर परत आणला, पूर्वीच्याच क्रमांकानं, नाहीतर जुन्या नोंदी ओळखू आल्या नसत्या. कप्पा उघडण्याआधी त्याची नोंदणी केली. बटण होतं तिथं लावलं. अ‍ॅप उघडलं.

ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. मग एकदम त्याचा हात ओढून घेतला.

"आत्ता. कळली?"

तळव्याखाली नुसता तिचा श्वास वरखाली होत होता.

"कळली," तो म्हणाला.

"खोटारडा." तिनं हात मात्र सोडला नाही. "दाब आता."

त्यानं दुसऱ्या हातानं बटण दाबलं. आता तरी रडू येईल असं त्याला वाटलं होतं, आलं नाही. पण ऑफिसची वेळ टळून गेली तरी त्याला हात तिथून काढवेना.