शेवटची फ्रेम राखीव

रविवार, डिसेंबर १९८५. पहाटे गारठा, आकाश स्वच्छ, वारा अजिबात नाही.

पक्षी बघून आलो की डायरीत मी अशी सुरुवात करतो. पुढच्या ओळीत पक्ष्यांची नावं यायला हवीत, पण येतात ती माणसांची. पक्षी दिसतो एक क्षण आणि त्याच्यामागे तीन माणसं सकाळभर भांडत हिंडतात. मग किस्से कुणाचे साठणार?

आमच्या मुलुंडच्या मंडळात तशी बरीच नावं आहेत, पण रविवारी पहाटे खरोखर उठणारे तिघंच. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्रधानबाई, औषधांच्या कंपनीतला मालवणी तावडे आणि विमा कचेरीतला मी. दर जानेवारीत आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड शो करतो आणि दाराशी मदतीची पेटी ठेवतो. पेटीतली रक्कम घाटकोपरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे जाते. संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी ते दवाखान्यामागच्या खोलीत ठेवून घेतात. पक्षी येतात भरपूर, पिंजरे मात्र पुरत नाहीत.

शोमध्ये बाईंच्या स्लाइड असतात, तावडेच्या असतात. मी प्रोजेक्टर चालवतो. ओळखू येईल असा एकही पक्षी माझ्या कॅमेऱ्यात त्या रविवारपर्यंत आला नव्हता. माझी महत्त्वाकांक्षा लहान होती : पडद्यावर माझा एक पक्षी!

* * *

एकदा आला होता म्हणा. रातवा. हा पक्षी दिवसा पाचोळ्यात बसतो आणि पाचोळ्यासारखाच दिसतो. बोरिवलीच्या जंगलात बाईंनी तो मला बोटाने दाखवला, मी फोटो काढला आणि त्या वर्षी स्लाइड पडद्यावर गेली.

पडद्यावर नुसता पाचोळा.

"मध्यभागापासून जरा डावीकडे बघा," मी आत्मविश्वासाने म्हणालो.

दुसऱ्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले. "दिसला! दिसला! तो काय!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान डोलावली.

शो संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "वसंतराव, आजोबांनी दाखवला तो दगड होता."

तोपर्यंत मलाही तोच रातवा वाटत होता!

* * *

मग आम्ही लपण्याचं शास्त्र हाती घेतलं. माझ्या बायकोची, सुमनची, जुनी हिरवी साडी मागून घेतली आणि बांबूच्या काठ्यांवर तंबू शिवला. मंडळाची लांब पल्ल्याची लेन्स एकच. ती त्या दिवशी माझ्याकडे होती. तुळशी तलावाच्या वरच्या ओढ्याशी मी तंबूत शिरलो, भोकातून लेन्स बाहेर काढली आणि पाण्यात रोवलेल्या फांदीवर नेम धरून बसलो. खंड्या येणार, फांदीवर बसणार, मी बटण दाबणार!

खूप वेळाने बाहेरून तावडेचा दबका आवाज आला. "वसंता, हलू नको! इलो!"

"कुठे? फांदी तर रिकामी आहे!"

"फांदयेर नाय रे, तुझ्या डोक्यार बसलो आसा! तंबूवर! तोंडात मासो! काय दिसता रे, झकास!"

"मग काढ ना फोटो, गाढवा!"

"लेन्स तुझ्याकडे आसा ना, गाढवा!"

* * *

मागच्या संक्रांतीला डॉक्टरांकडे पिंजरे भरले, तेव्हा एक जखमी घार मिक्सरच्या खोक्यातून माझ्या घरी आली. तिला बाथरूम दिली. आम्ही अंघोळीला जाताना आधी कडी वाजवायचो. सुमनने आमच्या शाकाहारी घरात पहिल्यांदा बोंबील आणले आणि ते चिमट्याने भरवले. मला वाटलं होतं ती घारीसकट मला घराबाहेर काढेल, पण तिची घारीशी दोस्ती झाली. माझ्याशी मात्र बोलणं बंद.

पंख बरा झाल्यावर आम्ही सोडण्याचा समारंभ केला. सोसायटीचे सेक्रेटरी दोन शब्द बोलले. मी कॅमेरा आभाळाकडे लावून तयार. तावडेने खोकं उघडलं, घार झेपावली, मी बटण दाबलं.

घार सरळ आमच्या गॅलरीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि बोंबलांसाठी ओरडायला लागली.

सेक्रेटरी म्हणाले, "हिला उडता येत नाही का अजून?"

"उडता येतं," सुमन म्हणाली. "जाता येत नाही."

माझ्या स्लाइडमध्ये नुसतं निळं आकाश आलं. निळा रंग मात्र उत्तम उतरलाय.

* * *

आता आमच्या मंडळाचा एक नियम सांगायला हवा. रोलची शेवटची फ्रेम राखीव. परतीच्या वाटेवर एखादा दुर्मीळ पक्षी समोर आला आणि रोल संपलेला असला तर जन्मभर हळहळ नको, म्हणून. दुर्मीळ पक्षी कधीच येत नाही. मग दुसऱ्या दिवशी रोल धुवायला द्यायचा म्हणून ती फ्रेम घरी पोचल्यावर जे समोर दिसेल त्यावर उडवायची. माझ्या घरी समोर दिसते सुमन. तिचे असे माझ्याकडे ढीगभर फोटो आहेत आणि एकातही ती हसत नाही.

वर लिहिलेल्या रविवारी परतताना तो आला. स्वर्गीय नर्तक! नर! काळं डोकं, पांढरंशुभ्र अंग आणि रिबिनीसारखी दोन लांब पिसं. अगदी समोरच्या फांदीवर. माझ्याकडे एकच फ्रेम उरलेली. शेपटी नीट खाली सुटू दे, म्हणून मी थांबलो.

"मार ना!" तावडे.

"थांब रे. राखीव फ्रेम आहे."

"कुणासाठी राखीव? मोरासाठी?"

नर्तक उडाला. वाट लागली! मी तडक घरी आलो. तळमजल्याच्या गॅलरीत सुमन गाऊनमध्ये, डोक्याला टॉवेल, हातात पिळलेली चादर. रागारागाने कॅमेरा वर केला आणि फ्रेम उडवली.

"पुन्हा मीच का?" ती म्हणाली.

धुऊन आलेल्या स्लाइड बाईंनी ट्यूबलाइटसमोर धरल्या. शेवटची बराच वेळ धरली. "वसंतराव, वहिनींच्या मागे दोरीवर काय आहे?"

"नाडी असेल."

"नाडीला काळं डोकं आहे."

नर्तक होता. ठसठशीत, शेपटी सुटलेली, वाळत घातलेल्या परकराच्या शेजारी!

सुमनने स्लाइड पाहिली, पक्ष्याकडे बघितलंही नाही. "गाऊनमध्ये? सगळ्या सोसायटीसमोर? मुळीच नाही. मला झाकता येत असेल तर दाखवा."

मी स्लाइडवर बारीक कापून काळी इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली. सुमन गायब, कोपऱ्यात पक्षी शिल्लक.

शोच्या दिवशी हॉल भरला होता. सुमन पहिल्या रांगेत. माझी स्लाइड शेवटची. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात नर्तक उजळला आणि लोकांनी "आहाहा" केलं. माझं ऊर भरून आलं. प्रोजेक्टरचा बल्ब मात्र भट्टीसारखा तापलेला. पट्टीचा डिंक वितळला. पट्टी एका बाजूने वळायला लागली. पहिल्यांदा टॉवेल दिसला. मग भुवया. मग गाऊनवरची फुलं.

"अहो, बंद करा तो दिवा!" सुमन ओरडली.

माझं बोट स्विचवर होतं. पडद्यावर माझा पक्षी होता. बोट हललं नाही.

सबंध सुमन भिंतभर उभी राहिली आणि हॉल शिट्ट्यांनी दणाणला. दिवे लागल्यावर बाया तिच्याभोवती जमल्या. प्रधानबाईंनी विचारलं, "वहिनी, हा पक्षी त्या दिवशी चुकूनच आला असेल, नाही?"

"चुकून कसला?" सुमन म्हणाली. "रोज येतो. मी कपडे वाळत घालते तेव्हा."

"आणि हे बोलला नाहीत कधी?"

"रविवारी हे जंगलात पक्षी बघायला गेलेले असतात. बाकीचे दिवस ऑफिसात. सांगू कुणाला?"

पेटीतल्या रकमेतून संक्रांतीच्या आधी डॉक्टरांकडे नवे पिंजरे पोचले. पुढच्या रविवारी मंडळ आमच्या गॅलरीत जमलं. सुमनने कपडे वाळत घातले. पक्षी आला नाही.